चैत्रांतील कोरडी हवा व शेतकऱ्याचा पाण्याचा हिशेब

पंचांगाप्रमाणें चैत्र हा वसंत ऋतूचा महिना होय. कवींनीं या महिन्याचीं जीं वर्णनें केलीं आहेत, त्यांत कोंवळी पालवी आहे, आंब्याचा मोहोर आहे, कोकिळेचा स्वर आहे. आणि तें सर्व खोटें आहे असें म्हणतां येणार नाहीं. आमच्या पठारावरहि या दिवसांत कडुनिंब फुलतो, पिंपळाला तांबूस पानें येतात आणि ओढ्याकांठचा करंज हिरवागार होतो. परंतु सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर हे जिल्हे, तसेंच सातारा जिल्ह्यांतील माण-खटाव व सांगली जिल्ह्यांतील जत-आटपाडी, या पर्जन्यछायेच्या मुलखांतील शेतकऱ्याला चैत्र ओळखू येतो तो पालवीवरून नव्हे. विहिरींतील मोटार आणखी हातभर खालीं सोडावी लागते, त्यावरून.

या महिन्यांत पाऊस पडत नाहीं ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे व तिच्याबद्दल कोणाची तक्रारहि नाहीं. रब्बीची सुगी होऊन खळीं चालू असतात, कांदा काढणीला आलेला असतो. अशा वेळीं पाऊस न येणें हेंच बरें. प्रश्न पाऊस न पडण्याचा नसून, असलेलें पाणी कोठें जातें याचा आहे. तालुका कचेरींत पर्जन्याचें रजिस्टर लिहिण्यांत ज्यांचीं वर्षें गेलीं, त्यांपैकीं मी एक आहें. त्या रजिस्टरांतील मार्च-एप्रिलचीं पानें बहुतेक शून्यांनीं भरलेलीं असतात. आकाशांतून किती आलें तें त्यांत लिहावयाचें असतें. जमिनीवरून किती गेलें हें लिहिण्यास त्यांत रकानाच नाहीं. वास्तविक चैत्रांत या दुसऱ्या रकान्याचेंच महत्त्व अधिक.

प्रथम हवा इतकी कोरडी कां होते तें पाहूं. २१ मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर येतो व तेथून उत्तरेकडे सरकूं लागतो. सोलापूरच्या अगदीं डोक्यावर तो मेच्या १०-११ तारखेस येतो. म्हणजे चैत्रभर दिवस मोठा होत असतो व ऊन अधिकाधिक सरळ पडत असतें. आकाश निरभ्र, पीक निघून गेल्यामुळें जमीन उघडी. तेव्हां उन्हाला मध्यें अडविणारें कांहींच नसतें. वारा बहुधा वायव्येकडून व पश्चिमेकडून, तापलेल्या जमिनीवरून येतो. पश्चिमेचा समुद्र सोलापुराहून अडीचशें किलोमीटरांहून अधिक लांब, आणि मध्यें सह्याद्रि उभा. समुद्रावरील ओलसर हवा या दिवसांत कोंकणांत घाम आणते, घाटमाथ्याच्या पूर्वेस मात्र तिचा ओलावा फारसा पोंचत नाहीं.

कोरडेपणाचें मर्म एका साध्या हिशेबानें कळतें. हवा जितकी तापेल तितकी पाण्याची वाफ सामावून घेण्याची तिची शक्ति वाढते. उष्णता १०-११ अंश सेल्सिअस वाढली कीं ही शक्ति सुमारें दुप्पट होते. पहाटे २४ अंश असतांना हवेंत तिच्या शक्तीच्या निम्मी, म्हणजे शेंकडा ५०, वाफ आहे असें समजा. तीच हवा दुपारीं ४० अंशांपर्यंत तापली, तर वाफ तेवढीच राहूनहि शक्ति अडीचपट झालेली असते. म्हणून तीच आर्द्रता आतां शेंकडा २० भरते. हवेंतील पाणी कमी झालेलें नाहीं, तिची तहान वाढलेली आहे. आमच्या भागांत मार्च-एप्रिलांत दुपारची आर्द्रता शेंकडा २० ते २५ च्या घरांत उतरते, ती अशी. धुतलेलें धोतर तासाभरांत वाळतें, ओठ फुटतात, लाकडी अवजारांचे सांधे ढिले होतात, हीं सर्व त्याच तहानेचीं लक्षणें होत.

ही तहान हवा तीन ठिकाणीं भागविते: उघड्या पाण्यावर, उघड्या जमिनीवर आणि हिरव्या पानावर.

उघड्या पाण्याचा हिशेब सर्वांत सोपा आहे. आणि शेतकरी बंधु तोच सर्वांत कमी करतात, म्हणून तो जरा विस्तारानें देतों. हवामान केंद्रांवर सुमारें चार फूट व्यासाचें पत्र्याचें पसरट पात्र पाणी भरून ठेवलेलें असतें व रोज सकाळीं पाणी किती उतरलें तें मोजतात. सोलापूरच्या बाजूस एप्रिलांत हा आंकडा दिवसाला ९ ते १२ मिलिमीटरच्या आसपास असतो. पात्र लहान व चहूंकडून तापणारें असल्यामुळें तळ्याचें पाणी त्या मानानें कमी उडतें; साधारणपणें पात्राच्या आंकड्याचे शेंकडा ७० धरण्याची रीत आहे. आपण १० चे ७ मिलिमीटर धरूं. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०१ लिटर. ३० मीटर लांब व तितकेंच रुंद असें शेततळें कांठोकांठ भरलेलें असलें, तर पाण्याचें तोंड सुमारें ९ गुंठे होतें. त्यावरून दिवसाला ६,३०० लिटर पाणी उडून जातें, महिन्याला १ लाख ८९ हजार लिटर. उन्हाळ्यांत एका मोठ्या बैलाला रोज ५०-६० लिटर पाणी लागतें. म्हणजे असें एक शेततळें आपल्या डोळ्यांदेखत रोज शंभर बैलांचें पाणी आकाशाला पाजीत असतें, आणि आपण मात्र तळ्याच्या कांठावर उभे राहून पाणी मुरतें कोठें याचा शोध करतों.

२०१६ सालीं राज्य सरकारनें मागेल त्याला शेततळें देण्याची योजना काढली, तेव्हांपासून आमच्या जिल्ह्यांत तळीं पुष्कळ झालीं. अनेकांनीं त्यांना प्लास्टिकचें अस्तर घातलें. तें योग्यच आहे, कारण अस्तरानें मुरणें थांबतें. परंतु अस्तरानें वाफ थांबत नाहीं, हें कित्येकांच्या ध्यानांत येत नाहीं. वाफेला अडवावयाचें तर पाण्याचें तोंड लहान केलें पाहिजे. ज्यांच्याजवळ दोन तळीं आहेत व चैत्रांत दोन्ही निम्मीं उरलीं आहेत, त्यांनीं एकांतलें पाणी दुसऱ्यांत घ्यावें. पाणी तितकेंच राहील, उन्हाला लागणारें तोंड जवळजवळ निम्मे होईल. पंपाचा एक दिवसाचा खर्च यांत येतो; तो महिन्याभरांत भरून निघतो. नवें तळें काढतांना विस्तारापेक्षां खोलीकडे पाहावें. वायव्येच्या बाजूस शेवरीची किंवा सुबाभळीची दाट ओळ असेल तर वाऱ्याचा जोर मोडतो, व त्यानेंहि कांहीं बचत होते. तळ्यावर जाळी पसरण्याचा उपाय गुणकारी खरा, पण तो लहान तळ्यालाच परवडतो.

विहिरीचें तसें नाहीं. तोंड अरुंद, आंत सांवली, वारा नाहीं. त्यामुळें विहिरींतून वाफेनें जाणारें पाणी नगण्य असतें. जमिनीखालच्या पाण्याला तर ऊन लागतच नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडण्याच्या कामांबरोबर जे पाझर तलाव झाले, त्यांचे टीकाकार पुष्कळ आहेत; तलाव माघांतच कोरडा पडतो, असें त्यांचें म्हणणें. पाझर तलाव माघांत कोरडा पडावा हेंच चांगलें. त्याचें पाणी तोंवर खालच्या विहिरींत गेलेलें असतें, आणि चैत्राच्या उन्हाच्या हातीं कांहीं लागत नाहीं.

मोठ्या धरणांनाहि हाच नियम. उजनीचा पसारा मोठा व उथळ आहे. वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यांत "उजनी वजा" असें येतें व नवख्या वाचकाला प्रश्न पडतो कीं पाणी वजा कसें होईल. त्याचा अर्थ इतकाच कीं धरणाच्या सुमारें ११७ अब्ज घनफूट साठ्यांपैकीं सुमारें ६३ अब्ज घनफूट हा मृतसाठा धरलेला आहे, आणि पाणी त्याच्याहि खालीं गेलें. २०२३ चा पावसाळा तुटपुंजा गेल्यावर सरकारनें ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत उजनी अशीच फार खोल वजा झाली होती. कालव्यावर विसंबून चैत्रांत नवी लागवड करणाऱ्यानें हा वजा शब्द आधीं वाचावा.

आतां जमिनीकडे वळूं. रब्बी ज्वारी काढल्यावर काळ्या रानाला ज्या भेगा पडतात, त्यांत हात कोपरापर्यंत जातो. ही माती ओली असतां फुगते व वाळतांना आकसते, म्हणून ती फाटते. वरचा चार बोटें थर तर चैत्राच्या पहिल्याच आठवड्यांत पूर्ण वाळतो. दुपारीं त्याची उष्णता ६० अंशांच्याहि वर जाते, अनवाणी पाय ठेववत नाहीं. पुण्याच्या वेधशाळेंत १९३२ सालीं शेतकी हवामानाची शाखा सुरू झाली, तिचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास यांनीं व कट्टी यांनीं काळ्या मातीवर केलेलीं निरीक्षणें १९३४ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांत असें दिसून आलें कीं कोरड्या दिवसांत मातीचा वरचा थर दिवसा वाफ सोडतो व रात्रीं हवेंतील वाफ पुन्हां शोषून घेतो. म्हणजे वरचा वाळलेला थर हा एक प्रकारचें पांघरूणच आहे. देवघेव त्याच्या त्यांतच चालते व खालची ओल बरीचशी सुरक्षित राहते. भेगा पडल्या म्हणजे मात्र हें पांघरूण फाटतें. कोरडी हवा सरळ दोन-तीन फूट खालीं उतरते आणि जी ओल उन्हाला कधींच सांपडली नसती, ती घेऊन वर येते.

म्हणून पीक निघतांच, अंगांत थोडी ओल आहे तोंवर, नांगरट किंवा निदान कुळवाची एक पाळी द्यावी, म्हणजे भेगा बुजतात. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींना याचें कारण सांगतां येत नसे, पण रीत ठाऊक होती. पुढें ती शास्त्रानें तपासली. मांजरी येथें १९२३ पासून ताम्हणे यांनीं कोरडवाहू जमिनीवर प्रयोग आरंभिले; १९३३ सालीं सोलापूर येथें कोरडवाहू शेतीचें केंद्र निघालें, आणि तेथें कानिटकर व त्यांचे सहकारी यांच्या कामांतून मुंबई कोरडवाहू शेतीपद्धति म्हणून जी पुढें ओळखली गेली ती तयार झाली. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदां खोल नांगरट, शेणखत, पावसाळ्यांत कुळवाच्या पाळ्या, बियाणें कमी, दोन ओळींत दीड फूट अंतर, आणि उभ्या पिकांत कोळपणी, हीं तिचीं अंगें. यांतील "तीन वर्षांतून एकदां" हे शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावे. ट्रॅक्टर दारांत आल्यापासून दर चैत्रांत खोल नांगरण्याची चाल पडली आहे. हरळी व कुंदा माजला असेल त्या रानाला ती जरूर द्यावी. मुळ्या वर येऊन या उन्हानें करपतात, किडींचे कोष उघडे पडतात व बगळे-मैना ते वेंचतात. परंतु तण नसलेल्या रानाला प्रतिवर्षीं एवढा खर्च कशासाठीं, हें मला कळत नाहीं. हलक्या, उताराच्या व बांध नसलेल्या रानांत तर नांगरलेली माती वळवाच्या पहिल्याच सरीबरोबर ओढ्याला जाते.

रामदासांच्याच प्रयोगांत असेंहि दिसलें होतें कीं काळ्या मातीवर खडूची पांढरी पूड पसरली तर ती बरीच कमी तापते. शेतांत खडू पसरण्याचें कोणी मनांत आणणार नाहीं. परंतु उसाच्या सरींत पाचट पसरलें, डाळिंबाच्या आळ्यांत वाळलेलें गवत किंवा तुरीचा भुसा घातला, तर हेंच काम होतें. असें असूनहि ऊस तुटतांच पाचटाला काडी लावणारे अजून पुष्कळ आहेत. चैत्रांत ती आग शेजारच्या कडब्याच्या गंजीपर्यंत जावयास एक वावटळ पुरते.

पिकांवरील परिणाम सर्वत्र वाईटच असतो असें नाहीं. तासगांव, कवठेमहांकाळ, पंढरपूर या बाजूचा बेदाणा याच कोरड्या हवेवर तयार होतो. शेडमधील जाळ्यांवर द्राक्षें बारा-पंधरा दिवसांत वाळतात, ती दुपारच्या या तहानेच्या बळावर. मध्यें चार दिवस ढग आले व हवा ओलावली, कीं बेदाण्याचा रंग काळवंडतो व भाव पडतो. कांद्याचें तेंच, काढून शेतांत सुकविलेला व पातीनें झांकलेला कांदा टिकतो. हळद, मिरची, चिंच यांचीं वाळवणें चैत्राशिवाय कशीं झालीं असतीं? उशीरा पेरलेल्या गव्हाला मात्र ही हवा मानवत नाहीं. दाणा दुधांत असतां उष्णता एकदम चढली तर तो भरण्यापूर्वींच पिकतो व सुरकुततो. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशांतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्याचा फटका उत्तरेकडील गव्हाला असा बसला, आणि त्याच वर्षीं १३ मे रोजीं सरकारनें गव्हाची निर्यात बंद केली.

डाळिंबवाल्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. आंबे बहार धरला तर झाडावर फळ असतां सगळा चैत्र-वैशाख काढावयाचा. पाणी असेल त्यानें तो धरावा. ज्याची विहीर चैत्रांत उपसते, त्यानें मृग बहार पत्करावा आणि या दोन महिन्यांत झाडाला ताणावर ठेवून केवळ जगवावें. शेजाऱ्यानें आंबे बहारांत पैसा केला म्हणून आपणहि धरावा, हा विचार विहीर न पाहतां केलेला असतो.

जनावरांविषयीं एकच गोष्ट सांगतों, कारण बाकीच्या सर्वांस ठाऊक आहेत. ज्वारी काढलेल्या रानांत राहिलेल्या बुडख्यांना थोडी ओल मिळाली, किंवा एखादी वळवाची सर पडली, कीं हिरवे फुटवे येतात. महिनाभर कोरडा कडबा चघळलेलें जनावर त्यावर तुटून पडतें. पाण्याच्या ताणांत वाढलेल्या या कोंवळ्या फुटव्यांत एक अत्यंत जहाल विष असतें. जनावर फुगतें, धापा टाकतें व घटकाभरांत मरतें. आपल्याकडे याला किराळ लागणें म्हणतात. अशा रानांत जनावर सोडूं नये, आणि तशी शंका आल्यास मांत्रिकाकडे न जातां जनावरांच्या डॉक्टरास तत्काळ बोलवावें. वेळेवर टोंचलें तर जनावर वांचूं शकतें.

आतां मुख्य हिशेब. पाडवा ते मृग हें अंतर वर्षाप्रमाणें दोन ते अडीच महिने असतें. तेवढ्या दिवसांचें पाणी आपल्याजवळ आहे कीं नाहीं, हें पाडव्यालाच काढतां येतें. विहीर गोल व ६ मीटर व्यासाची असेल तर तींतील एक मीटर उंचीचें पाणी म्हणजे सुमारें २८ हजार लिटर. पंप लावून पाणी बरोबर एक मीटर उतरूं द्यावें, पंप बंद करावा आणि तें पुन्हां पहिल्या खुणेपर्यंत येण्यास किती तास लागतात तें पाहावें. समजा चोवीस तास लागले, तर विहिरीची आवक दिवसाला २८ हजार लिटर. वैशाखांत ती निम्म्यावर येईल असें धरून चालावें. त्याहून अधिक राहिली तर आनंदच आहे.

या २८ हजारांत काय होतें? साडेचार मीटर बाय तीन मीटरवर लावलेल्या डाळिंबाचीं एकरीं सुमारें ३०० झाडें बसतात. ठिबकनें झाडामागें ४० लिटर धरले तर रोज १२ हजार लिटर. चार मोठीं जनावरें २४० लिटर. घरखर्च वेगळा. म्हणजे चैत्रांत दोन एकर बाग सहज निभते असें दिसतें, पण वैशाखांत आवक १४ हजारांवर आली कीं एकच एकर निभते. हिशेब नेहमीं वैशाखाच्या आवकेवर करावा, चैत्राच्या नव्हे. याच्या उलट, सरीनें वाहतें पाणी द्यावयाचें तर एका एकराला ६० मिलिमीटरची एक पाळी म्हणजे सुमारें अडीच लाख लिटर. या विहिरीची नऊ दिवसांची सगळी आवक एका पाळींत गेली. आणि उन्हाळी भुईमुगाला किंवा मक्याला या हवेंत आठ-दहा दिवसांनीं पुन्हां पाळी मागितली जाते. तेव्हां अशा विहिरीवर एक एकर उन्हाळी पीक घेणें म्हणजे बाग, जनावरें व घर या तिघांचें पाणी त्याला देणें होय.

अडीच लाख लिटर हा आंकडा कागदावर लहान वाटेल. २०१६ सालीं पाडव्यानंतर चौथ्या दिवशीं, १२ एप्रिल रोजीं, मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली आगगाडी पोंचली. मांजरा धरण आटलें होतें, शहरांत नळाला पाणी नव्हतें, आणि त्या गाडीच्या बातम्या देशभर झाल्या. तिच्या दहा डब्यांत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. दोन एकर रानाची एक पाळी.

आतां राहिला वळीव. एप्रिलच्या मध्यापासून बंगालच्या उपसागरावरील ओलसर हवा अधूनमधून आग्नेयेकडून आपल्या पठारावर येऊं लागते. वायव्येची कोरडी हवा व ही ओलसर हवा यांची सीमा बहुधा विदर्भ-मराठवाड्यापासून दक्षिणेकडे पसरलेली असते. त्या सीमेच्या आसपास तापलेल्या जमिनीवरून हवा वेगानें वर जाते, दुपारनंतर ढग चढतात, गडगडाट होतो. पुष्कळदां वादळ येतें, पत्रे उडतात, कैऱ्यांचा सडा पडतो, आणि पाऊस मात्र येत नाहीं. लोक म्हणतात ढग फसवून गेले. खरें असें कीं पाऊस वर पडलेलाच असतो, पण खालची हवा इतकी तहानलेली असते कीं थेंब वाटेंतच वाफ होऊन जातात. त्या वाफ होण्यानें हवा एकाएकीं थंड व जड होते आणि खालीं कोसळते. तोच तो वादळी वारा. अशा वेळीं विजेचें भय असतें, म्हणून झाडाखालीं उभें राहूं नये.

गारपिटीला उत्तरेकडून येणारी वरच्या थरांतील थंड हवा कारण होते. २०१४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस व मार्चच्या पहिल्या पंधरवड्यांत महाराष्ट्रांत जी गारपीट झाली, ती उभी ज्वारी, गहूं, हरभरा, द्राक्षें व डाळिंबें झोडून गेली. पूर्वीं निम्म्याहून अधिक पीक गेलें तरच सरकारी मदत मिळत असे. २०१५ पासून ही मर्यादा शेंकडा ३३ वर आणली गेली. परंतु मर्यादा कांहीं असली तरी नोंद झाली पाहिजे, आणि वळवाची नोंद ही मोठी अवघड गोष्ट आहे. पावसाळ्यांतला पाऊस तालुकाभर पडतो. वळीव एका शिवारांत पडतो व बांधापलीकडे पडत नाहीं. तालुक्याच्या मापकांत शून्य असतां चार कोसांवरच्या गांवांत गारांचा खच पडलेला, असें अनेकदां घडलें आहे व कारकुनाला रजिस्टरांत शून्यच लिहावें लागलें आहे. आतां महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रें उभीं राहिलीं आहेत व हवामानावर आधारलेला फळपीक विमा त्यांच्याच आंकड्यांवर ठरतो. ही सुधारणा खरी. पण एका मंडळांतहि अनेक गांवें असतात.

यास्तव प्रत्येकानें आपल्या शिवाराची नोंद स्वतः ठेवावी, अशी माझी सूचना आहे. उभ्या सरळ बाजूंचा कोणताहि डबा चालतो. तो भिंत व झाड यांपासून, त्यांच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब, जमिनीवर घट्ट बसवावा व आंतील पाण्याची उंची पट्टीनें मिलिमीटरांत मोजावी. २५ मिलिमीटर म्हणजे आपला जुना एक इंच. सरकारी नोंदींत २.५ मिलिमीटर वा अधिक पडलें तरच तो पावसाचा दिवस गणतात, आणि चैत्रापुरतें तें योग्यच आहे. रोज १० मिलिमीटर ओढणाऱ्या हवेला २ मिलिमीटरची सर दुसऱ्या दिवसापर्यंतहि पुरत नाहीं. नांगरटीचीं ढेंकळें विरघळावयास २० मिलिमीटर तरी पाहिजेत. माप सकाळीं साडेआठ वाजतां घ्यावें, कारण सरकारी चोवीस तास त्या वेळीं पुरे होतात व आपली वही मंडळाच्या आंकड्यांशीं ताडून पाहतां येते. त्याच वहींत दर सोमवारीं विहिरींतील पाण्याची पातळी व शेततळ्याची उतरण लिहावी. गारा पडल्यास तारीख, वेळ, गारांचा आकार आणि कोणत्या गटांत पडल्या हें त्याच सायंकाळीं लिहून, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्या व तलाठ्यास दुसऱ्या दिवशीं लेखी कळवून पोंच मागावी.